भिवरा नावाडणीच्या बालगौरवाची बखर

श्रीगजाननास नमन, आणि त्याचा भार वाहणाऱ्या उंदरासही नमन, कारण ही हकीकत लहानांची आहे. शके सतराशे बावीस, रौद्र नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशी राजधानीत बालवीरांचा दरबार भरला, त्याचे वर्तमान ऐसे जे, सालोसाल मुलुखातील मुलांचे पराक्रम शोधून काढावे, त्यांस हत्तीवर बसवून मिरवावे आणि महाराजांनी स्वहस्ते सुवर्णपदक गळां घालावे, ऐसा त्या राज्याचा उत्तम शिरस्ता होता. त्या साली पहिला मान भिवरेचा. ही रायाजी नावाड्याची अकरा वर्षांची लेक. आदल्या पावसाळ्यात भर पुरात त्याची नाव खडकावर आदळून फुटली, रायाजी डोक्यास मार लागून निपचित पडला, तेव्हा पोरीने वल्हे खडकाच्या कपारीत रोवून नाव धरून ठेविली, आणि हाका मारमारून उतारू एकेक करून खडकावर चढविले, मग त्यांच्या हातून बापास वर घेवविले, मग आपण उडी घेतली, आणि तिच्यामागे नाव वाहून गेली. धन्य ती पोर! आम्हां बखर लिहिणारांस गुडघाभर पाण्यात घाम फुटतो.

असो. मग वाजंत्री वाजली आणि हत्ती निघाला. हौद्यात भिवरेसंगे आणीक मुले होती, त्यांत सर्वांत धाकटा गोंदा धनगर, ज्याने नुसत्या काठीने लांडगा हाकलून कोकरे राखिली होती. माहूत थट्टेने बोलिला, "पोरी, ही आता तुझी नाव. उतारू सांभाळ हो." भिवरेने थट्टा खरी मानिली. पुढे दरबारासमोर हत्ती बसला, शिडी लागली, चोपदाराने भिवरेचे नाव पुकारिले, आणि भिवरा जागची हालेना. म्हणाली, "आदी समदी उतरू द्या, मग म्या." मुले उतरली, परंतु गोंद्याने खाली पाहिले मात्र, हौद्याचा दांडा मिठीत धरिला आणि भोकाड पसरिले. लांडग्यास न भ्यालेला वीर शिडीस भ्याला.

इकडे ज्योतिषीबोवांचे घटिकापात्र पाण्यात भरत आले. ते बुडाले की मुहूर्त गेला, आणि मुहूर्त गेला की त्या मुलाचा मान गेला, ऐसा नियम. सोहळ्याचे कारभारी विसाजीपंत यांची पगडी घामाने भिजली. ते धावत रायाजीकडे गेले आणि म्हणाले, "अहो, लेकीस सांगा, उतर म्हणून! पदक हातचे जाईल." रायाजीच्या डोळ्यांस धार लागली होती. तो बोलिला, "सरकार, उतारू नावंत असला तर नावाड्यानं पाय काडायचा न्हाई, ह्ये म्याच शिकिवलंया तिला. आता कोन्च्या तोंडानं सांगू?"

महाराजांनी पुसिले, "पंत, हिला पदक कशाबद्दल?"

पंतांनी हात जोडिले. "सर्वांस उतरवून मग स्वतः उतरली, याबद्दल, महाराज."

"मग आता ती निराळे काय करीत आहे?"

ऐसे बोलून महाराज सिंहासनावरून उठले, आणि बुडू पाहणारे घटिकापात्र अंगरख्याची बाही भिजवून आपल्या हाताने वर धरिले, आणि म्हणाले, "एक नाव आम्हांसही धरता येते. पोरी, सावकाश होऊ दे." दरबार उभा राहिला. मग भिवरेने गोंद्याचे मनगट घट्ट धरिले आणि म्हणाली, "खाली बगू नगं. माज्याकडं बग आन् पाय टाक." गोंदा हुंदके देत एकेक पायरी उतरला, भुईवर टेकला आणि नाक पुसून तोऱ्याने उभा राहिला. मग भिवरा उतरली. महाराजांनी पात्र ज्योतिषीबोवांच्या हाती दिले आणि ओल्या हाताने पदक तिच्या गळां घातिले. आम्ही तेथे होतो. आम्हांस रडू आवरले नाही, हे लिहिण्यास लाज नाही.

दरबार संपल्यावर महाराजांनी प्रथम उठावे, मग इतरांनी, ऐशी चाल. परंतु महाराज उठेनात. मुले गेली, मानकरी गेले, वाजंत्रीही गेले, आणि मंडप मोकळा होईतो महाराज बसून राहिले. भिवरेने दारातून वळून पाहिले आणि बापास म्हणाली, "बा, ह्येस्नी कुनी शिकिवलं असंल?"

सारांश, त्या राज्यात तेव्हापासून ते दिवशी राजा सर्वांच्या मागून उठतो. कोणी शिकविले, ते आम्ही वर लिहिले आहे.