साक्षीदाराची जागा

ज्या माणसाविरुद्ध मी कोर्टात साक्ष देणार होतो, तोच दर तारखेला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरायचा. मी गाडीत चढलो की हाक यायची, "मन्या, हय बस रे. खिडकी तुका."

गुणाजीदादा आमच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवायचा. मशीनला तो म्हातारी म्हणे. सकाळी तिच्या अंगावर हात ठेवून "निजलस काय गो?" असं विचारी आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवी. लग्न केलं नव्हतं. मालक म्हणत, "याचा संसार आमच्याच कारखान्यात."

त्याच मालकांनी त्याला काढलं, आणि ते माझ्यामुळे. एका दुपारी "बघ रे, दोन घास खावन येतंय" असं मला सांगून तो जेवायला गेला. तेवढ्यात किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढल्याचं कळलं आणि मी पिशवी घेऊन बांगड्यांमागे धावलो. परत आलो तोवर म्हातारीला गार ठेवणारं पाणी तुटून ती जळाली होती. "गुणाजी न सांगता गेला," असं मी मालकांना लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. त्या महिन्याचा पगारही अडवला. तो कामगार न्यायालयात गेला, तर मालकांनी मशीनची भरपाई उलट त्याच्याकडेच मागितली.

वकील त्यानं केला नाही. "माजी गजाल मीच सांगतलंय," म्हणाला. तारखेला डब्यात घावणे आणि चटणी असायची, दोघांपुरती. मी घावणा नुसता चिवडत बसे. तो म्हणायचा, "खा रे. कोर्ट कोर्टाच्या जाग्यार, जेवाण जेवणाच्या जाग्यार." एकदा मालकांच्या वकिलांनी आम्हाला एका डब्यात जेवताना पाहिलं आणि मला दटावलं. दादानं त्यांच्याही हातावर घावणे ठेवले. वकिलांनी ते उभ्याउभ्या खाल्ले.

माझी साक्ष झाली. उलटतपासणीला दादा उठला. "त्या दुपारी तू कुठे होतास?" एवढंच विचारलं असतं, तर मी तिथेच कोसळलो असतो. तो अगदी कोर्टातल्या मराठीत म्हणाला, "साक्षीदारांनी सांगावं, मला काढण्याआधी नोटीस दिली होती का?"

"नाही."

"चौकशी झाली होती का?"

वकील माझ्याकडे रोखून बघत होते. "नाही," मी म्हणालो.

"बस. माझं झालं."

मला खरं बोलता येईल असेच दोन प्रश्न त्यानं शोधून आणले होते. पुढे निकाल त्यावरच लागला. नोकरी परत, पगार परत, मालकांची मागणी फेटाळली.

निकाल ऐकून परत येताना मला राहवलं नाही. "दादा, त्या दिवशी मी रापणीर गेललंय."

"म्हायत आसा. तुज्या हाताक खवले होते."

"मगे कोर्टात विचारूक नाय कित्याक?"

"तुजी नोकरी गेली असती. तुजा चेडू शाळेक जाता."

मग त्यानं रुमालाची घडी घातली. "आता तारीख नाय," म्हणाला. "घराकडे एकटोच जेवतंय रे. तुज्यावांगडा दोन घास जास्त जातत."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी घरी माझ्या शेजारच्या पाटावर मी रुमाल टाकून ठेवतो. दादा येतो, घडी करून तो माझ्या हातात देतो आणि बसण्याआधी विचारतो, "मशीनीर कोण आसा?"