कालिंदीचा मैदानी डोहाळा

दत्ताराम परबने आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि तीही पोस्टकार्डावर. लग्नानंतरचं पहिलं वर्ष कालिंदी गावी होती आणि तो लालबागच्या चाळीत. नव्या बायकोला कळवण्यासारखं काही घडत नव्हतं (गिरणीच्या हजेरीखात्यातल्या कारकुनाला घडून घडून काय घडणार?), म्हणून त्याने लिहून टाकलं, 'काल हुतुतूच्या सामन्यात मी एका दमात चौघांना मारले.' पुढच्या कार्डावर सहा झाले. खरं म्हणजे चाळीच्या संघात तो राखीव गडी होता. खेळणाऱ्यांची घड्याळं, अंगठ्या आणि टॉवेल इतके नीट सांभाळायचा, की त्याला मैदानात उतरवायचं कुणाला सुचतच नसे. चड्डी मात्र दर सामन्याला घालून जायचा.

कालिंदी मुंबईला आली, तिला नववा लागला, आणि एका सकाळी सासूने, सुंदराबाईने, विचारलं, "गो, आता कसलो डोहाळो ऱ्हवलो हा काय?"

"आहे एक," कालिंदी म्हणाली. "यांना मैदानात खेळताना बघायचंय. रविवारी फायनल आहे ना?"

दत्तारामचा चहा बशीतून लेंग्यावर गेला.

"अगं, अशा अवस्थेत? शिवाय त्याच मैदानात संयुक्त महाराष्ट्राची सभा आहे. लाठीमार झाला म्हणजे?"

"सभा सहाला. सामना चारला."

"त्यापेक्षा पेरू आणतो. चिंचा आणतो."

"डोहाळो अपुरो ऱ्हवलो तर पोराची लाळ गळता," सुंदराबाई कडाडली. "मगे जन्मभर तू पुसत बसतलंस?"

आणि ती तडक कप्तान कुशाबाच्या दारात. माझो झील रविवारी खेळतलो ना, एवढंच तिने विचारलं. कुशाबा आडदांड गडी, पण अख्खी चाळ ऐकत असताना 'तुमचा झील टॉवेल सांभाळतो' असं आईला सांगायची छाती त्यालाही झाली नाही. "खेळतलो," तो म्हणाला. मग दत्तारामला जिन्याखाली गाठून दम दिला, "शेवटची एक चढाई. मधली रेषा ओलांडायची, हुतुतू म्हणायचं, परत यायचं. पराक्रम केलास तर तंगडी मोडीन."

दत्तारामला तंगडीचं काही वाटलं नाही. कालिंदीच्या नजरेतून उतरायची भीती मात्र त्याला शनिवारभर जेवू देईना.

रविवारी समोरच्या संघाच्या पाठीमागे, शेवटच्या रेषेपलीकडे चाळीतल्या बायका बसल्या. मधोमध खुर्चीवर कालिंदी, मांडीवर शेंगांची पुडी. सामना असा रंगला की शेवटचं मिनिट उरलं तेव्हा चाळ एका गुणाने मागे होती. कुशाबाला डोहाळ्याचा सोयीस्कर विसर पडला. तेवढ्यात सुंदराबाई उभी राहिली आणि सभेत द्यायची तशी घोषणा दिली, "दत्ताराम उतरलाच पाहिजे!"

त्या वर्षी लालबागमध्ये 'पाहिजे' ऐकलं की मूठ आपोआप वर जायची. सगळं मैदान गरजू लागलं. कुशाबाने कपाळावर हात मारून दत्तारामला आत ढकललं.

रेषा ओलांडून दत्ताराम तिथेच उभा राहिला. "हुतुतूतूतू," (हा आवाज आपलाच आहे यावर त्याचा विश्वास बसेना.) पुढे सात दांडगे गडी, आणि त्यांच्यामागे कालिंदी खुर्चीतून उठलेली! एक हात कमरेवर, दुसरा हवेत, तोंडाने काहीतरी ओरडतेय.

भरले दिवस! कळा सुरू झाल्या! सामना, गुण, तंगडी सगळं विसरून दत्ताराम नाकासमोर धावत सुटला. समोरचे चमकले. तिघांनी झेप घेतली, ती हवेतच गेली आणि तिघेही शेवटच्या रेषेबाहेर जाऊन आपटले. दत्ताराम त्यांच्यावरून उडी मारून, खुद्द कालिंदीला वळसा घालून, शेजारच्या चाळीतल्या जाईबाई सुइणीच्या दारात जाऊन थांबला. दम त्याने तिथेच सोडला.

जाईबाईला ओढत तो परतला तर कालिंदी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

"कळा?" त्याने धापा टाकत विचारलं.

"कसल्या कळा? तुम्ही रेषेला चिकटून उभे, म्हणून 'पुढे सरका' म्हणत होते."

त्याला पुढे बोलू न देता कुशाबाने खांद्यावर उचललं. बाहेर धावला म्हणून दत्ताराम बाद, पण बाहेर पडलेले तिघेही बाद. एक दिला, तीन घेतले. चाळ एका गुणाने जिंकली होती.

संध्याकाळी घरी दत्ताराम छाती काढूनच बसला. "बघितलंस ना? कार्डावर लिहायचो ते असं."

कालिंदी हसली. "अहो, तुमची हुतुतूची चड्डी वर्षभर मीच धुतेय. मातीचा एक ठिपका कधी निघाला नाही. मला पहिल्याच रविवारी कळलं."

दत्तारामची छाती जागेवर आली. "मग हा डोहाळा?"

"एकदा तरी तुम्ही खेळावं असं फार वाटायचं हो मला. तुम्ही मागणार नाही, कुशाबा बोलावणार नाहीत. आणि पोटुशीला नाही म्हणायची कुणाची हिंमत?"

दत्तारामला भरून आलं. त्याने तिच्या पुढ्यातल्या शेंगा सोलून दिल्या.

तिने दोरीवरची चड्डी ओढून उजेडात धरली, पुढून बघितली, मागून बघितली. आजही कोरी. "बरंच झालं," ती म्हणाली, आणि कात्री घेऊन तिचे बाळासाठी चार लंगोट बेतले.

गुरुवारी मुलगा झाला. शुक्रवारी, पहिल्याच चढाईत, त्याने ती चड्डी मळवून दाखवली.