थूलभाऊंची अमावस्या

माझ्या लग्नात थूलभाऊंनी माझ्या सासऱ्यांचं डोकं सोडून बाकी सगळं वाजवून पाहिलं होतं. रुखवतातली पितळी घागर, पंगतीची ताटं, मांडवाचे बांबू, नवरा-नवरीच्या खुर्च्या. खिशातून दहा-अकराचा पाना काढायचा, वस्तूवर हलकेच टिचकी मारायची, मान तिरकी करून कान जवळ न्यायचा आणि निकाल द्यायचा. घागरीपाशी ते थबकले. पुन्हा वाजवली. "बुडाशी तडा हाये," भर मांडवात म्हणाले. सासरे लालबुंद. त्यांनी इरेला पेटून घागर पाण्याने भरून ठेवायला लावली. पहिली पंगत उठायच्या आत खाली ओल उमटली होती. सासरे त्यानंतर थूलभाऊंशी कधी बोलले नाहीत, आणि माझ्याशीही जरा बेतानंच.

गोवर्धन थूल आमच्या दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. वीस वर्षं त्या धडधडाटात राहिलेला माणूस बहिरा व्हायचा. यांचे कान उलट तासून निघाले. मशीन न उघडता फक्त पाना वाजवून शाफ्टचा तडा सांगायचे. मग ती सवय गेटबाहेरही आली. माठ, टरबूज, दाराची चौकट, एकदा तर तहसीलदाराचं टेबल. त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. "वस्तू खोटं बोलत नाही बे. दुकानदार बोलते." हे ते माझ्या सायकलच्या दुकानात, माझ्याच बाकावर बसून, माझाच चहा पीत म्हणायचे. मी हसायचो. पुढं एक दिवस असा आला की हसू येईना. ते काहून, तेच आज सांगायचं आहे. बरीच वर्षं नुसतं गिळत आलो.

दुसरी त्यांची ओळख म्हणजे अमावस्या. छपन्नला वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून त्या घरात पंचांग शिरलं नव्हतं. पण थूलभाऊंना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांनी नोकरीचा पहिला दिवस मागून अमावस्येचा घेतला, घराचा पाया अमावस्येला खणला, लग्नही अमावस्येलाच केलं. "गर्दी नसते," ते म्हणायचे. "हलवाई रिकामा, बॅन्डवाला रिकामा. चांद एक दिवस सुटीवर जाते, त्यात तुमच्या पोटात कायले दुखते?" अमावस्येला सायकल नेणार नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी ते माझ्या दुकानात तासभर भांडले होते. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. मार्केट यार्डातल्या गाड्यांच्या रांगा आखूड झाल्या, गावातल्या जिनिंग एकामागून एक मुक्या झाल्या. थूलभाऊंची फॅक्टरीही बंद पडली. ते हातपंप दुरुस्तीच्या कामाला लागले. पाठीवर पाने, वायसर, पंपाच्या चामडी वाट्या; जुन्या काळ्या सायकलवर डोंगरातल्या कोलामांच्या पोडांपर्यंत, त्यांच्या वाड्यांपर्यंत, जायचे. रस्ता नाहीच, नुसती पायवाट. दगड, ओढा, चढ, पुन्हा दगड.

आणि बंद फॅक्टरीच्या आवारात, जिथं कापसाच्या गंजी लागायच्या, तिथं त्यांनी मुरमाचे उंचवटे घातले. चौकीदार जुना सोबती होता, त्याने डोळेझाक केली. कशासाठी? तर सुजाता. त्यांची एकुलती पोरगी, तेव्हा सतरा वर्षांची. आई ती तीन वर्षांची असताना गेलेली. टीव्हीवर तिने बीएमएक्सची शर्यत पाहिली, पोरं बुटक्या सायकली घेऊन मातीच्या लाटांवरून उडतात ती, आणि काळी सायकल घेऊन गावच्या नालीवरून उडी मारली. नाली ओलांडली. कॅरिअर नालीत राहिलं.

"विनू," थूलभाऊ मला म्हणाले, "एकच सायकल पाह्यजे. सोमवार ते शनिवार मी पोडावर नेईन, रविवारी सुजी उडवीन. दोन नाही जमत."

"भाऊ, पोडाची सायकल वेगळी, ट्रॅकची वेगळी."

"तेच तं. वखराचा बैल अन् शंकरपटात धावणारा बैल, एकाच कातड्यात पाह्यजे."

तीन महिने आमची निवड चालली. कॅटलॉगची पानं चहाच्या डागांनी भरली. दुकानाच्या फरशीवर खडूने सायकली काढल्या; माझी बायको त्या पुसायची, थूलभाऊ पुन्हा काढायचे. डोंगरासाठी समोर शॉकअप हवा, नाहीतर मनगटं जातात. पण मागे स्प्रिंग अजिबात नको. उंचवट्यावर मारलेला जोर मागची स्प्रिंग गिळून टाकते. "मागं स्प्रिंग म्हणजे मनात कपट," ते म्हणायचे. "समोरून नरम, पाठीत टणक. माणूस बी असाच पाह्यजे." ट्रॅकला एक गिअर पुरतो, चढाला आठ तरी हवेत. सीट पोरीसाठी खाली आली पाहिजे, बापासाठी वर. फ्रेम बुटकी, पण इतकीही नाही की थूलभाऊंचे गुडघे कानाला लागतील. एक दिवस त्यांनी सुजाताला सरकीच्या दोन पोत्यांवर फळी टाकून बसवलं आणि दोऱ्याने मापं घेतली. ती लाजेने मेली. "बाबा, सायकल घेऊन राह्यले का ब्लाऊज शिवून राह्यले?"

शेवटी एक मिळाली. हिरवी, सव्वीस इंची, जाड टायरची. जिल्ह्याच्या गावाहून दोन साहेब रविवारी येणार होते. त्याच मुरमाच्या ट्रॅकवर गावातली पोरं पाहून एकाला पुण्याच्या बीएमएक्स शिबिरासाठी निवडणार होते. मी शुक्रवारी यवतमाळला जाऊन सायकल एसटीच्या टपावर चढवली. दोर मीच बांधला. घाईत बांधला, एकच गाठ मारून. घाटाच्या वळणावर वरून खडखड झाली आणि सायकल रस्त्यावर पडलेली दिसली. कंडक्टर म्हणाला, "काही नाही झालं, चला." मलाही तसंच वाटू द्यायचं होतं. दुकानात उजेडात पाहिलं तर हँडलखाली, गळ्याच्या जोडावर केसाएवढी रेघ.

बदली सायकल यायला महिना. निवड परवा. 'माझ्या हातून पडली' एवढे तीन शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी वेल्डिंगवाल्याकडून रेघ भरून घेतली, वर हिरवा रंग मारला, रंग थोडा वेगळा दिसला म्हणून त्यावर वाघाचं स्टिकर चिकटवलं. वेल्डिंगवाला म्हणाला होता, "रोडनं चालन. आपटू नका फक्त." आणि ती घेतलीच होती आपटायला.

शनिवारी संध्याकाळी थूलभाऊ आले. पाना काढला. पण नेमकी समोरून वरात निघाली. बॅन्ड असा कडाडला की शोकेसच्या काचा थरथरल्या. त्यांनी दोनदा वाजवलं, कान लावला, वैतागून मान हलवली.

"आवाजच नाही लागून राह्यला. तू पाह्यलं ना सगळं?"

"पाह्यलं," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले आणि पाना खिशात घातला. साऱ्या आयुष्यात त्यांनी आवाज न ऐकता घेतलेली ती एकच वस्तू.

रविवारी दुपारी आवार भरलं होतं. साहेब खुर्च्यांवर, पोरं रांगेत. मी मागे भिंतीशी उभा होतो. घरी थांबवलं नाही आणि पुढे जाववलं नाही, असा. सुजाताचा नंबर चौथा. पहिला उडाला, दुसरा उडाला. तिसरा तोंडावर पडला, लोक हसले, ओठ फुटला एवढंच. ट्रॅकवरचा चौथा उंचवटा माझ्या कमरेएवढा होता. तिथून ती उतरणार आणि सगळा भार त्या रेघेवर येणार. मी मनात 'थांब' म्हणत होतो. मनात म्हणणं सोपं असतं. पाय जागचे हलले नाहीत.

सुजाता सायकलवर बसली. थूलभाऊ पुढे आले, सवयीने पाना काढला. चाक, टन्न. दांडी, टन्न. गळा.

ते थांबले. पुन्हा वाजवलं. कान थेट वाघाला लावला. मग नखाने स्टिकरचा कोपरा उचलला, आत पाहिलं, आणि गर्दीत मला शोधलं. फक्त एकदा पाहिलं. मग अंगठ्याने तो कोपरा सावकाश पुन्हा चिकटवून टाकला.

"उतर," ते सुजाताला म्हणाले.

"काहून?"

सारं आवार ऐकत होतं. माझं दुकान, माझं नाव, सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. थूलभाऊंनी घसा खाकरला.

"आज अमावस्या हाये. नव्या सायकलनं उडी नाही मारत."

क्षणभर कुणालाच कळेना. मग असा हशा पिकला की फॅक्टरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "थूलसाहेब, तुम्ही?" "अरे, यांनी पंचांग घेतलं!" एक साहेब हसू दाबत घड्याळ पाहू लागला. सुजाताचा चेहरा मी विसरलेलो नाही. "बाबा, तुमचं लग्न अमावस्येचं हाय ना!" ती ओरडली. त्यांनी आपली काळी सायकल तिच्यापुढे आणून उभी केली. वायसरांच्या पिशवीसकट.

ती त्या लोखंडी धुडावर बसली. रागाने तीन उंचवटे पार केले. चौथ्यावर सायकलनेच नकार दिला. निवड दुसऱ्याच पोराची झाली.

लोक घरी निघाले तेव्हा फॅक्टरीच्या धुराड्यामागून चंद्र उगवला. पूर्ण, परातीएवढा. "ते पाहा, थूलसाहेबाची अमावस्या निघाली!" कुणीतरी ओरडलं. त्यानंतर कित्येक वर्षं गावात पौर्णिमा आली की लोक त्यांना मुद्दाम विचारायचे, "भाऊ, आज तिथी कोणती?" ते पाना वाजवत निघून जायचे. सुजाता सहा महिने बापाशी बोलली नाही. तिने पुन्हा कधी उडी मारली नाही. पुढे ती एसटीत कंडक्टर झाली, पुसदच्या गाडीवर.

आणि मी? मला वाटलं, सोमवारी येतील आणि सायकल माझ्या अंगावर फेकतील. आले नाहीत. शनिवारी आले. हिरव्याच सायकलवर. गळा बदललेला, फॅक्टरीच्या भंगारातला पाइप घेऊन स्वतः केलेला. वाघ मात्र नव्या पाइपवर पुन्हा चिकटवलेला. बाकावर बसले. "चहा सांग," म्हणाले. मी सांगितला.

तेव्हापासून दर शनिवारी ते आले. दर शनिवारी मी ठरवायचो की आज बोलायचं, आणि दर शनिवारी चहा संपायचा. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. 'दुकानदार बोलते' हे वाक्यही पुन्हा माझ्यापुढे म्हणाले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी केव्हाच सुटलो असतो.

मागच्या महिन्यातल्या शनिवारी ते सुजाताबरोबर आले. आता त्यांना ऐकू येत नाही. डाव्या कानाने मुळीच नाही, उजव्याने ओरडलं तर थोडंसं. पाना खिशात आहेच.

"काका, सायकल पाह्यजे," सुजाता म्हणाली. "माह्यासाठी. आठवड्याच्या सुटीले डोंगरात जाईन म्हणते." मग म्हणाली, "अन् ते जुने उंचवटे अजून हायेत तिथं. गवत वाढलं फक्त."

मी एक काळी-निळी काढली. समोर शॉकअप, मागे टणक. थूलभाऊ वाकले. गळ्यावर पाना मारला, कान लावला. पुन्हा मारला. चेहऱ्यावर काही उमटेना. आंधळ्याने आरशापुढे उभं राहावं तसे ते उभे. मग माझ्याकडे वळले.

"विनू, मले आता नाही समजत. तू आयक. कसा वाजते?"

आता मात्र पुन्हा नुसतं 'पाह्यलं' म्हणवेना. मी बाकावर बसलो आणि सुजाताला सगळं सांगितलं. टप, गाठ, घाट, रेघ, वाघ, वरात. 'पाह्यलं' म्हणालो ते. भिंतीशी उभा राहिलो ते. बोलताना मी तिच्या बुटांकडे पाहत होतो.

तिने बापाच्या सदऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "शनिवार आला की हा माणूस सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसते. दुसरं कुठं जातच नाही. मी म्हणायची, त्या दुकानात हाये तरी काय?" ती बापाच्या उजव्या कानाशी वाकली आणि ओरडली, "बाबा! त्या दिवशी सायकल तडकेल होती! तुम्हाले माहीत होतं ना?"

थूलभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या रविवारी पाहिलं होतं तसंच.

"अमावस्या होती," ते म्हणाले.

"बाबा, चांद निघाला होता! गावानं पाह्यला!"

"निघाला असन चुकून."

सुजाता हसली की रडली, मला सांगता येणार नाही. तिने त्यांच्या हातातून पाना घेतला आणि सायकलच्या गळ्यावर मारला. "सांगा काका."

मी कान लावला, ती एकेक ठिकाणी वाजवत गेली. गळा स्वच्छ. दांडी स्वच्छ. मागच्या चाकाजवळच्या जोडावर आवाज किंचित बसका. दुसऱ्या कुणाला कळला नसता. अठरा वर्षांचे शनिवार ऐकत बसलो, तेवढं तर मलाही कळत होतं.

"ही नको," मी म्हणालो. "जोड बरोबर नाही. दुसरी मागवतो. या वेळी मी सोबत बसून आणीन."

थूलभाऊंना शब्द ऐकू गेले नव्हते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मग त्यांनी पाना परत घेतला, सदऱ्याला पुसला, खिशात घातला आणि बाकावर आपल्या जागी जाऊन बसले.

"चहा सांग," ते म्हणाले. "तीन."