नेरेइदाची छोटी

१९८४ साली, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सॅन अँटोनिओच्या वेस्ट साइडला एकशे चाळीस माणसं माझ्या भाचीची मुलगी बघायला जमली. भाचीला मुलगी नव्हती. लग्नही झालं नव्हतं. चूक माझी होती. तेव्हा मी ती कबूल केली नाही; आता रागावणारं कोणी फारसं उरलेलं नाही, म्हणून सांगते.

मी तार ऑफिसात बावीस वर्षं काढली. गिऱ्हाईक पन्नास शब्द लिहून आणायचं, मी त्याचे बारा करून द्यायची, आणि अर्थाला ओरखडा नाही. त्यामुळे नेरेइदा जेव्हा म्हणाली, "लाला मावशी, चर्चच्या पत्रकात चार ओळी द्यायच्यात, लिहून देशील?" तेव्हा मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "अशा लिहिते, की अख्खी वस्ती लोटेल."

नेरेइदा म्हणजे माझी धाकटी बहीण ओफेलिया, तिची एकुलती एक. तीन वर्षं खपून तिनं बारा मिनिटांची फिल्म केली होती. लाडानं ती त्या फिल्मला 'माझी छोटी' म्हणायची. शिकागोच्या कुठल्याशा महोत्सवाच्या बाई, मिस आरोसेमेना, फक्त त्या रविवारी गावात होत्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एकटीनं खोलीत बसून मी शेकडो फिल्म बघते. ही मला तुमच्या माणसांत बसून बघायचीय."

म्हणजे माणसं हवीत. कारण नेरेइदानं आईला शब्द दिला होता: ही फिल्म शिकागोला गेली नाही, तर जूनपासून दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलायची नोकरी. ओफेलियानं डॉक्टरला होकार कळवूनही टाकला होता. मायलेकींचं बोलणं त्यावरूनच बंद होतं.

मी लिहिलं: 'नेरेइदा कान्तूची पहिली छोटी. तीन वर्षांची. प्रेसेंतासिओन रविवारी तीन वाजता, चर्चचा हॉल. सर्वांनी यावं.' आधी 'तीन वर्षांची मेहनत' होतं. 'मेहनत' कापलं, कष्टाशिवाय काय होतं जगात? 'फिल्म' हा शब्दही कापला. ती फिल्म करते हे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

आता आमच्याकडे प्रेसेंतासिओन म्हणजे फिल्म लोकांपुढे ठेवणं, हे खरंच. पण मूल तीन वर्षांचं झालं, की त्याला पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये नेतात, फादर पाणी शिंपडून आशीर्वाद देतात, मग केक कापतात. त्यालाही प्रेसेंतासिओनच म्हणतात. वस्तीत हा दुसराच अर्थ चालतो. तार ऑफिसात असलं काही कधी आडवं आलं नव्हतं.

गुरुवारी ओफेलियाचा फोन. आवाज चिरका.

"लाला, पत्रकात आलंय ते खरं?"

"अक्षर न् अक्षर."

"आणि तुला तीन वर्षं माहीत होतं?"

"माहीत काय? निम्मं काम माझ्या गॅरेजमध्ये झालं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज. मग, "कोणाबरोबर केलं तिनं हे?"

"एक का दोन? सात जण होते. लारेडोचा एक तर मध्येच टाकून पळाला."

"देवा. आणि मला सांगावंसं नाही वाटलं कोणाला?"

"तू ऐकतेस कधी? विषय काढला की दातांचा डॉक्टर. पण छोटी अगदी तुझ्यावर गेलीय बघ. तुझा राग, तुझे टोमणे, काही सोडलं नाही. ये बघायला."

फोन आपटला. मला वाटलं, विरघळली.

रविवारी हॉलमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती. नेरेइदानं माझे दोन्ही हात धरले. "मावशी, काय जादू केलीस तू?" मिस आरोसेमेना तर वही काढून लिहायलाच लागल्या. मी तारेच्या यंत्रासारखी ताठ. मग मला टेबलावर तीन मजली पांढरा केक दिसला. फादर एलिसेओ झगा घालून, पवित्र पाण्याचं भांडं घेऊन उभे दिसले. आणि शेजारच्या शिंपीणबाई, रेफुहिओबाई, हातात इवलासा पांढरा झगा घेऊन नेरेइदासमोर आल्या.

"कुठंय गं छोटी? माप अंदाजे घेतलंय."

"डब्यात आहे," नेरेइदा म्हणाली आणि टेबलावरच्या पत्र्याच्या गोल डब्याकडे बोट दाखवलं.

रेफुहिओबाई मागे सरकल्या. "पोरीला डब्यात ठेवलंस?"

"मग? उन्हानं खराब होते ती."

मी सावकाश स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले. आत शिरणार, इतक्यात ओफेलिया आली. डोळे सुजलेले. थेट लेकीपुढे जाऊन हातातली सोन्याची बारीक बांगडी पुढे केली; आमच्या आईची ती. "बाप कोण ते विचारायला आले नाही मी. मुलगी दे माझ्याकडे. आजी आहे मी तिची."

नेरेइदानं आधी बांगडीकडे बघितलं, मग झग्याकडे, केककडे, फादरांकडे. मग मला शोधायला लागली. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचं सगळं मी दाराआडून ऐकलं. आधी कल्ला. "फिल्म? फिल्मसाठी मी बोटं टोचून घेतली?" हा आवाज रेफुहिओबाईंचा. खुर्च्या सरकल्या, माणसं निघाली. मिस आरोसेमेना विचारत होत्या, "सुरू व्हायच्या आधीच का जातायत?" जूनची नोकरी मला दाराआडूनही दिसायला लागली.

आणि मग ओफेलियाचा आवाज आला. "बसा सगळे. तीन वर्षं पोटाला चिमटा घेऊन केलीय तिनं. बघायला आलात ना? मग बघून जा."

ओफेलियापुढे कोण बोलतो? बसले. प्रोजेक्टर घरघरला. फिल्ममध्ये एक आई आणि मुलगी मक्याच्या पानांत पीठ गुंडाळून तमालेस करत बसतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. आई फक्त पातेल्याशी बोलते. आमची माणसं गप्प बसून बघणारी नव्हेत. "पीठ सैल झालंय." "पान उलटं धरलंय बघ." "अगं, हे तर ओफेलियाचं बोलणं." हशा.

नवव्या मिनिटाला, हे मला नंतर कळलं, पडद्यावरची आई झाकण ठेवायच्या आधी पातेल्यावर क्रूसाची खूण करते. ते बघून फादर एलिसेओंचा हात सवयीनं भांड्यात गेला. त्यांनी उठून पाणी शिंपडलं. ते प्रोजेक्टरच्या तापलेल्या दिव्यावर पडलं. फट्. अंधार.

आत मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं.

तेवढ्यात टाळ्या. मिस आरोसेमेना उभ्या राहून वाजवत होत्या. "झाकण पडायच्या आत अंधार! असा शेवट करायला छाती लागते." नेरेइदा काहीतरी सांगायला गेली, तर ओफेलियानं तिचा दंड धरून म्हटलं, "आभार मान आणि गप्प बस."

फिल्म शिकागोला नऊ मिनिटांचीच गेली. दुसरा नंबर आला.

फादर एलिसेओंची पुढच्या वर्षी कॉर्पस क्रिस्तीला बदली झाली. तिथं ते म्हणे कोळ्यांच्या होड्यांना आशीर्वाद देत, पाण्याची भीती नव्हती. रेफुहिओबाईंनी तो झगा नातीच्या प्रेसेंतासिओनला दिला, 'शिकागोला जाऊन आलेला' असं खुशाल सांगून. त्या सत्त्याण्णव साली गेल्या. डॉक्टरला शब्द दिलेला, तो मोडायचा कसा, म्हणून जूनमध्ये ओफेलिया स्वतःच कामावर गेली आणि अकरा वर्षं फोन उचलला. पेशंटना ती दातांआधी लेकीची फिल्म सांगायची. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. नेरेइदाचे केस पांढरे झालेत. कॉलेजात शिकवते, सात फिल्म केल्या, एकही पंधरा मिनिटांच्या वर नाही.

गेल्या नाताळात तिनं मला विचारलं, "मावशी, चाळीस वर्षं तारीफ करतेस, पण त्या पहिल्या फिल्ममधलं तुला सगळ्यात जास्त काय आवडलं?"

मी म्हटलं, "शेवटची तीन मिनिटं."

तिनं चष्मा काढला. मग हळूच म्हणाली, "मावशी, ती तर कोणी बघितलीच नाहीत. केक तरी खाल्लास का त्या दिवशी?"

तो मात्र खाल्ला होता. दोन तुकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोणीतरी आत सरकवले होते.