जमनाबाईंचं डबलिन आणि रुसलेला सूर्यनारायण

"दोन दिनमा डबलिन पालथं घालसूत! तू फक्त मन्हा मांगे चाल!"

असं लोटनराव पाटील छाती फुगवून म्हणाले, तिथेच जमनाबाईंनी ट्रंकेला कुलूप घालून किल्ली तापीत फेकायला हवी होती. पण तापी तिथे कुठली! तापी राहिली धानोऱ्याकडे, आणि हे दोघं नवरा-बायको पडले होते विलायतेतल्या लिव्हरपुलात. सरकारी खात्याने लोटनरावांना कापसाची पारख शिकायला वर्षभर पाठवलं होतं. शिक्षण किती झालं ते कापसालाच ठाऊक, पण फिरण्याची हौस मात्र जत्रेतल्या पोराला लाजवील अशी! शनिवार-रविवारची सुट्टी आली, की हे टोपी घालून तयार.

जमनाबाईंचा तो चातुर्मास होता. सूर्याचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात अन्न घालायचं नाही, फक्त पाणी चालेल, असं व्रत त्यांनी ट्रंकेवर मांडलेल्या देवांपुढे घेतलं होतं. हौस म्हणून नव्हे. धानोऱ्याला सासूबाईंचे, नर्मदाबाईंचे, दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते आणि ह्याच आठवड्यात डॉक्टर शस्त्र लावणार होते. डोळ्यांचा मालक सूर्यनारायण. त्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण घास गिळायचा आणि तिकडे म्हातारीचे डोळे उघडायची वाट पाहायची, हे जमनाबाईंच्या बुद्धीला पटत नव्हतं. व्रत मोडलं आणि तिकडे काही वाकडं झालं तर? हा विचार आला की त्या ट्रंकेवरच्या देवांना पुन्हा हात जोडत.

लिव्हरपुलातही सूर्य काही रोज दारात उभा नसायचा. पण खिडकीशी बसून राहिलं, की दुपारपर्यंत ढगाच्या फटीतून एकदा तरी डोकावायचा. म्हणून त्या म्हणाल्या, "मी येत नही. तुम्ही जाई या."

"अवं, डबलिन पूर्वेच्या समुद्रावर शे! सूर्य सीधा पाणीमाईन वर येस! काशीना घाटवर दिखस ना, तसा!"

काशी लोटनरावांनी कधी पाहिली नव्हती. डबलिनही नाही. पण बोलणं असं, की जणू दोन्हीकडे त्यांच्या मामाचं घर आहे!

शुक्रवारी संध्याकाळी आगबोट निघाली, शनिवारी सकाळी डबलिनला लागली. जमनाबाई आंघोळ आटोपून पूर्वेकडे तोंड करून उभ्या. समोर पूर्व दिशा नव्हतीच! ओल्या घोंगडीसारखं आभाळ, खाली राखेच्या रंगाचं पाणी, आणि पाऊस असा बारीक की पडतो आहे का लोंबतो आहे तेच कळू नये.

"आठे सूर्य कोठे शे?" जमनाबाईंनी हळू विचारलं.

"येई ना! देवले बी थोडा येळ लागस!" असं म्हणून लोटनराव हमालाशी हुज्जत घालायला पळाले.

उतरायची सोय ब्रेननबाई नावाच्या विधवेकडे होती. भिंतीवर देवाच्या तसबिरी, पुढे तांबडा दिवा, कमरेला जपमाळ. जमनाबाईंना बाई पाहताक्षणी आवडली. ब्रेननबाईने न्याहारीला उकडलेले बटाटे वाढले. शेजारच्या पाहुण्यालाही बटाटे, समोरच्या म्हाताऱ्यालाही बटाटे. जमनाबाईंना भरून आलं.

"ह्या घरमा आज सर्वासना उपास शे का?"

"आठे रोज बटाटाच खातस," लोटनराव चौथा बटाटा सोलत म्हणाले.

रोज! म्हणजे सगळं शहरच उपास करतं! एवढी व्रतस्थ माणसं, आणि सूर्यनारायण यांना दर्शन देत नाही? जमनाबाईंनी मनातल्या मनात देवालाच चार शब्द सुनावले.

ब्रेननबाईने त्यांच्यापुढे ताट सरकवलं. जमनाबाईंनी हात जोडून मागे सरकवलं. पुन्हा ताट, पुन्हा हात. अखेर ब्रेननबाईने लोटनरावांना काहीतरी विचारलं, लोटनरावांनी इंग्रजीत काहीतरी उत्तर दिलं, आणि ब्रेननबाईचे डोळे एकदम पाण्याने भरले! तिने जमनाबाईंचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

"काय सांगं तुम्ही तिले?"

"काही नही. तुन्हं व्रत शे म्हणीसन सांगं."

खोटं! धडधडीत खोटं! त्यांनी काय सांगितलं ते रविवारी उघड झालं. सध्या एवढंच ध्यानात ठेवा, की या माणसाला आपल्या बायकोच्या सूर्याची लाज वाटली होती.

मग सुरू झालं डबलिन पालथं घालणं! लोटनराव पुढे, हातात घड्याळ, आणि जमनाबाई मागे, रिकाम्या पोटी, आभाळाकडे बघत. पहिल्यांदा एका भल्या मोठ्या जुन्या देवळात नेलं. आतल्या रंगीत काचांकडे तोंड वासून लोटनराव उभे राहिले. आणि एकाएकी फरशीवर निळे-तांबडे ठिपके उमटले! जमनाबाईंच्या काळजात लख्ख झालं. ऊन! त्या लुगड्याचा ओचा सावरत दाराकडे धावल्या. दार असं जड, की दोन बैल जुंपावेत! ते ढकलून बाहेर येईपर्यंत ढगाने पुन्हा पदर ओढून घेतलेला. पायरीवरचा भिकारी मात्र ऊन खाऊन खुशीत बसला होता.

लोटनराव धापा टाकत आले. "काय व्हयनं?"

"सूर्य उना, आनि गया. मी तुमना देऊळमा व्हतू."

"मंग देखा ना तू! फरशीवर उजेड पडना व्हता, तो सूर्यनाच ना? व्हई गयं दर्शन! चाल, काही खाई ले."

जमनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज तसाच मऊ, पण त्याला सुरीची धार आलेली.

"बंबना धूर दिखना म्हणीसन आंघोळ व्हयनी का?"

लोटनराव घड्याळ बघत पुढे सुटले. कुठपर्यंत? थेट किल्ल्यापर्यंत! किल्ल्याच्या दिवाणखान्यात जमनाबाई खुर्च्या आणि झुंबरं बघत असताना बाहेर ऊन पडलं. जुन्या पोथ्यांच्या वाचनालयात शिरल्या, ऊन पडलं. आत येणारे लोक टोपी काढून हसत हसत एकमेकांना खिडकी दाखवत होते. जमनाबाई बाहेर, तर पाऊस! जणू सूर्य आणि लोटनराव या दोघांनी आपसांत ठरवून ठेवलं होतं, की ही बाई आत गेली रे गेली की तू बाहेर ये!

दर ठिकाणाहून निघताना लोटनराव काहीतरी खात होते. पाव-लोणी. गोड वड्या. मनुकांचा केक. कुणाच्या पोटात कावळे, आणि कुणाच्या पोटात अख्खी पंगत! एका दुकानाच्या पाटीवर सोनेरी सूर्य रंगवलेला होता, तर तिथे थांबून म्हणतात कसे, "हाऊ सूर्य चाली का?"

बायांनो, नवरा हा देवासमान, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पण त्या क्षणी त्या देवाला लिफी नदीत विसर्जन करावं, असं त्यांच्या मनात आलं. पाप! लगेच त्यांनी कानाला हात लावले. मग पुन्हा एकदा लावले, कारण विचार काही जाईना.

शनिवार असाच बुडाला. रात्री पाणी पिऊन झोपल्या. रविवारी सकाळी उठतात तो आभाळ तेच, घोंगडी तीच, पण खिडकीखाली हा गलका! रस्ताभर माणसं! देवळातून प्रार्थना करून आलेल्या बायका, जपमाळा, मुलं, एक निशाण, आणि पेटीवर उभा राहून हात हलवणारा लाल मिशांचा माणूस. जमनाबाई दारात दिसताच टोप्या उतरल्या. काही बायका ओल्या रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या.

"हाई काय शे?" जमनाबाईंनी विचारलं.

लोटनरावांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. ते मिशांच्या माणसाचं भाषण ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला दोन बोटं खाली बसत होते.

"सांगा!"

"तू देशकरता अन्न सोडं, असं त्या म्हणी ऱ्हायनात. इंग्रज सरकारना विरोधमा. मरेपर्यंत."

"असं त्यासले कोन सांगं?"

लोटनराव बुटाची नाडी बांधायला वाकले.

"सांगा वं!" 'वं' हा शब्द बायकांसाठी असतो, पण त्या घडीला त्यांना फरक दिसेना.

झालं होतं असं. ब्रेननबाईने विचारलं, ही का खात नाही? सूर्य पाहिल्याशिवाय जेवत नाही असं सांगितलं तर आपण अडाणी ठरू, म्हणून आमचे शहाणे म्हणाले, "तिने शपथ घेतली आहे." कशासाठी? देशासाठी का? "तसंच समजा!" म्हणाले आणि बटाटा खाऊ लागले! आता त्या मुलखात इंग्रजांशी भांडून उपाशी मेलेली माणसं घरोघरी देव्हाऱ्यात. ब्रेननबाईने संध्याकाळी देवळात सांगितलं, देवळाने शहराला सांगितलं.

"मन्ही नोकरी जाई, जमना! सरकारना पैसावर उनूत आपन! पेपरमा नाव उनं तर खलास! तू एक बटाटा खाई ले. मी हात जोडस!"

"तुमनी नोकरीकरता मी सासूबाईसना डोया घालाडू?"

एवढं बोलून जमनाबाई रस्त्यावर उतरल्या. आभाळ दिसेल अशी जागा हवी होती, बाकी त्यांना कुणाचंच देणंघेणं नव्हतं. पण पावसाची सर आली, आणि त्या भल्या लोकांनी काय करावं? आपापल्या छत्र्या उघडल्या आणि सगळ्याच्या सगळ्या त्यांच्या डोक्यावर धरल्या! स्वतः भिजले, पण पाहुणीवर थेंब पडू दिला नाही. काळ्या छत्र्यांचं एवढं मोठं छप्पर, की खाली संध्याकाळ झाली!

आणि तेवढ्यात ऊन पडलं.

जमनाबाईंना ते दिसलं, लोकांच्या ओल्या बुटांवर. चकचकीत, पिवळं, खरंखुरं ऊन! वर पाहिलं तर छत्रीच्या काड्या. डावीकडे छत्री. उजवीकडे छत्री. तळपायाची आग मस्तकात गेली. देवळाचं दार, किल्ल्याची झुंबरं, पाटीवरचा सूर्य, मनुकांचा केक, सगळं एकदम घशाशी आलं, आणि आजवर म्हशीवर न ओरडलेल्या जमनाबाई डबलिनच्या रस्त्यात गरजल्या,

"सरका! सरका म्हणस ना! सरका!"

गर्दीला वाटलं, ही हिंदुस्थानची घोषणा! मिशांच्या माणसाने टोपी उडवली. "सरका! सरका!" शेकडो कंठांतून गर्जना उठली, आणि एक माणूस जागचा सरकेल तर शपथ!

मग जमनाबाईंनी एका म्हाताऱ्याच्या हातची छत्री हिसकावली, मिटली, आणि तिच्या टोकाने वाट काढली. कुणाच्या बरगडीत, कुणाच्या पोटरीत. लोटनराव आडवे आले, त्यांना दोनदा. बाहेर पडल्या, मान वर केली, आणि दोन घरांच्या धुराड्यांमध्ये समोर उभा सूर्यनारायण! त्यांनी डोळे भरून पाहिलं. अर्घ्याला गंगा नव्हती, तापी नव्हती. बाजूला एक छत्री उलटी पडली होती, तिच्यातलं पावसाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि वाहिलं. मग दारातल्या ब्रेननबाईच्या हातचं पातेलं घेतलं, पायरीवर बसल्या आणि बटाटे खायला लागल्या. सालासकट!

मिशांच्या माणसाचा हात हवेतच राहिला. इंग्रज सरकार इतक्यात शरण आलं? त्याने लोटनरावांची कॉलर धरली, तेव्हा कुठे सत्य बाहेर आलं. सूर्य. व्रत. सासूचे डोळे.

पुरुष खवळले. आमची माणसं दोन-दोन महिने उपाशी राहिली, आणि हिने सासूच्या नावाने रविवारची सकाळ बुडवली! निशाण गुंडाळलं गेलं. पण बायका हलल्या नाहीत. ब्रेननबाईने ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. सासूसाठी? स्वतःच्या सासूसाठी? खरंच? मग ती मागे वळून सगळ्या बायकांना ओरडून म्हणाली, "देशासाठी कुणीही उपाशी राहील! पण सासूसाठी?" आणि त्या सगळ्या जणी पुन्हा गुडघ्यांवर बसल्या. मघापेक्षा जास्त.

लोटनराव बोटीवर परतीच्या वाटेत छत्री लागलेली बरगडी चोळत बसले होते. तीन पावलांवर जमनाबाई. मऊ आवाज परत आला होता, पण तो लोटनरावांसाठी नव्हता.

वर्ष सरल्यावर दोघं धानोऱ्याला आले. गाडी दारात थांबली. नर्मदाबाई ओट्यावर उभ्या, कपाळावर हाताची सावली धरून. डोळे लख्ख उघडे! सासूबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माय वं! सून, तू इतली कशी वाळी गयी?"

मग नजर मागे गेली. लोटनराव बैलगाडीतून उतरायची खटपट करत होते. विलायती कोटाची बटणं तटतटली होती.

"आनि हाऊ कोन शे तुन्हा मांगे? हाऊ मन्हा लोटन शे?"

"हा, माय, मीच!" लोटनराव प्रेमाने पुढे झाले.

नर्मदाबाईंनी आपल्या नव्या डोळ्यांनी लेकाचं पोट या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, आणि कोपऱ्यातली काठी उचलली.

जमनाबाईंनी मनोभावे हात जोडले. देवाने डोळे दिले होते, आणि चांगले दिले होते!