अमेरिकेचा बिनसाखरेचा चहा

खंडूतात्या रोज सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात दोन चहा सांगतात. एक साधा, एक बिनसाखरेचा. साधा स्वतः पितात. बिनसाखरेचा समोरच्या रिकाम्या बाकड्यावर ठेवतात, त्यावर साय धरेपर्यंत बसतात आणि उठताना कडुलिंबाच्या बुडाला ओतून जातात.

नवा माणूस विचारतोच, "तात्या, ह्यो दुसरा कुणाचा?"

"अमेरिकेचा."

"मग बिनसाखरेचा कावून?"

"अमेरिकेला शुगर झालीया. नुसती बसून खाती, घरात एकमेकाशी बोलत न्हाई. दुसरं काय हुणार?"

तेलगावहून वडवणीकडं जाताना आमचं गाव लागतं. तात्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं आणि उरलेलं बैलांच्या जोड्या लावण्यात. आमच्याकडं ज्याच्याजवळ एकच बैल असतो तो दुसऱ्या एक-बैलवाल्याशी सावड करतो. तुझा एक, माझा एक, मिळून दोघांची रानं नांगरायची. कुणाचा बैल कुणाच्या बैलाशी जमेल, हे तात्या सांगायचे. पुष्कळदा बरोबर सांगायचे. चुकले की म्हणायचे, बैल बरोबर व्हते, मालक चुकले.

मग त्यांच्या पुतण्यानं, जालिंदरनं, त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि त्यात तात्यांना अमेरिका दिसली. तिथल्या दोन पक्षांची चित्रं होती. एकाचा हत्ती, एकाचं गाढव. तात्यांनी मला रस्त्यात गाठलं.

"पत्रकवाल्या, येवढा शिकलेला मुलूख, आन् नांगराला हत्ती आन् गाढाव?"

"तात्या, ती पक्षांची चिन्हं आहेत."

"ते कळतंय की मला. पर बैल मिळाला न्हाई का त्यांला?"

मला ते पत्रकवाला म्हणतात, कारण मी सत्तेला जाब विचारणारी पत्रकं काढतो. आमच्या घरी देवाच्या फोटोंपेक्षा पत्रकं जास्त होती आणि मी बाराखडी त्यांच्यावरच शिकलो. त्यामुळं तात्यांचं पुढचं म्हणणं मला मुळीच पटण्यासारखं नव्हतं. ते म्हणजे असं, की अमेरिकेला परत नीट उभं राहायचं असेल तर या दोघांनी सावड केली पाहिजे. तिकडचे पूल जुने झालेत, कारखाने ओस पडलेत, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. एकदा तर दोघांचं जमेना म्हणून तिथलं सरकारच बंद पडल्याची बातमी लागली. तात्या दिवसभर अस्वस्थ होते. "दुकान बंद असतंय, गिरणी बंद असतीया. सरकार कसं बंद असतंय बे?"

मी त्यांना समजावलं, "तात्या, दोन मोठे पक्ष एक झाले तर लोकांची बाजू कोण घेणार? विरोध पाहिजेच. भांडण आहे म्हणून लोकशाही आहे."

"भांडू दे की. शिंगं कापा म्हनलो का मी? पर नांगराला तोंड एकीकडं पायजे. एक बांधाकडं वढतोय, एक हिरीकडं, आन् मागचा मानूस तोंडावर पडतोय. त्याच्या नाकाचं पत्रक काढ आधी."

याला माझ्याकडं उत्तर आहे. ते मी नंतरच्या दोन पत्रकांत छापलंही. तात्यांनी त्यात भजी खाल्ली.

त्यांचा उपाय एकच होता. दोन अनोळखी बैलांची जोड लावायची तर जू नंतर, आधी गव्हाण. दोघांना एका गव्हाणीला बांधायचं. ढुशा मारतील, वैरण उधळतील, मारू द्यायच्या. भूक लागली की माना खाली जातात. "हत्ती आन् गाढाव आठवडाभर माज्या गव्हाणीला द्या म्हनाव," तात्या सांगायचे, "मग बघा अमेरिका." तोवर त्यांचं रोजचं बातमीपत्र एका ओळीचं असायचं, "आज बी वैरण येगळी." हे सगळं इंग्रजीत छापून दे, असं ते माझ्या मागं लागले. मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून नकार दिला.

आता आमच्या गावाचं सांगतो. तेही अमेरिकेसारखंच दोन पॅनलचं. एक महालिंगअप्पांचं, ज्यांचं किराणा दुकान आहे. दुसरं जालिंदरचं. गेल्या इलेक्शनला जालिंदर सरपंच झाला, तोवर सत्तेत असलेलं अप्पांचं पॅनल पडलं. तात्या ना कुणाच्या सभेला गेले, ना कुणाच्या गाडीत बसले. पण ते राहतात पुतण्याकडं, आणि त्या घराच्या भिंतीवर पुतण्याचं बॅनर लागलं. एवढं पुरलं. त्याआधी अप्पा आणि तात्या बाजाराला एकाच गाडीवर जायचे; तात्यांनी शेपटीला हात लावल्याशिवाय अप्पांनी कधी बैल घेतला नाही. इलेक्शननंतर अप्पांनी रस्ता बदलला. दुकानातून घरी जायला ते हॉटेलापुढचा रस्ता सोडून मारुतीच्या मागून जाऊ लागले.

पोळ्याला तर कहर व्हायचा. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी कुणाची, यावरून दोन्ही पॅनल अडून बसायची. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल ताटकळत उभे, आणि घरोघरी पुरणपोळ्या गार.

यंदा पोळा जवळ आला तसे तात्या अमेरिकेचं बोलेनासे झाले. अंगणात दावं वळत बसले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अप्पाचा एक बैल लम्पीत गेला. सर्ज्या एकटाच ऱ्हायलाय."

एकटा बैल आमच्याकडं तोरणाखालून जात नाही. म्हणजे अप्पा यंदा पोळ्याला घरी बसणार.

"दुसऱ्या कुणाशी सावड करतील," मी म्हणालो.

"अप्पा मागणार न्हाई कुणाला. आन् यंदा वेशीत आला न्हाई तर पुन्ना कदीच येणार न्हाई. मला म्हाईत हाय त्यो." दावं बाजूला ठेवून ते उठले. "चल माज्यासंगं."

जालिंदरकडंही एकच बैल उरला होता. ट्रॅक्टर आल्यावर त्यानं एक विकला, दुसरा राजा तात्यांच्या हट्टानं राहिला. त्यामुळं तात्या कुठं निघालेत ते मला कळलं.

अप्पा दुकानात शेंगदाणे जोखत होते. तात्या पायरीवरच उभे राहिले.

"अप्पा, सर्ज्या दे पोळ्यापर्यंत."

"कुणाच्या गव्हाणीला?"

"माज्या."

"गव्हाण तुजी, भित जालिंदरची. बॅनर हाय अजून तिच्यावर."

"बैलाला वाचता येत न्हाई, अप्पा."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "आन् ह्या पत्रकवाल्याला कावून आणलास?"

"साक्षीला. ह्यो दोगांच्या बी इरोधात हाय."

अप्पांनी शेंगदाण्यांची पुडी बांधली. गिऱ्हाईक गेलं. मग ते मागच्या दारानं गेले आणि सर्ज्याला स्वतः सोडून घेऊन आले. कासरा तात्यांच्या हातात देताना एवढंच म्हणाले, "त्याला ओली वैरण चालत न्हाई."

"तुज्या आधी मला म्हाईत हाय," तात्या म्हणाले.

घरी जालिंदर भडकला. "तात्या, लोक काय म्हनतील? इरोधकाचा बैल आपल्या दावणीला."

"म्हन की, सरपंचानं इरोधकाचा बैल सांभाळला. तुजंच नाव हुतंय."

जालिंदरला हे वाक्य आवडलं. त्यानं ते संध्याकाळपर्यंत चारचौघांत सांगितलंही.

पहिल्या दिवशी दोन्ही बैलांनी गोठ्याचा पत्रा फाडला. दुसऱ्या दिवशी गव्हाण उलटी पाडली. तात्या समोर पाटावर बसून होते. मी म्हणालो, "तात्या, हे जमत नाही." ते म्हणाले, "चर्चा चालू हाय." मग एका सकाळी त्यांनी मला खुणेनंच बोलावलं. सर्ज्या आणि राजा कडब्याच्या एकाच ढिगात तोंडं घालून उभे होते, कानाला कान लागलेले.

"फोटो काढ," तात्या हळूच म्हणाले. "तिकडं पाठव."

"कुणाला पाठवू?"

"अमेरिकेला. कुणीबी बघंल."

पोळ्याच्या दुपारी वेशीत नेहमीचा घोळ सुरू झाला. दोन्हीकडची पोरं बाह्या सरसावून उभी. तेवढ्यात तात्यांनी जोडी आणली. राजाचा कासरा जालिंदरच्या हातात, सर्ज्याचा अप्पांच्या. आता ही जोडी अडवायची कुणी? ज्यानं अडवावी त्याचीच निम्मी जोडी. दोन्ही पॅनलच्या पोरांनी क्षणभर विचार केला आणि आपलीच जोडी पहिली म्हणून एकदमच हलगी वाजवायला घेतली.

अप्पांचा गुडघा दुखतो. ते रमतगमत चालत होते, आणि आमचा ट्रॅक्टरवाला सरपंच त्यांच्या चालीनं लहान लहान पावलं टाकत होता. बरोबर तोरणाखाली कुणीतरी फटाका लावला आणि सर्ज्या बुजून जागच्या जागी थिजला. हलगी थांबली. अप्पांचा चेहरा उतरला. जालिंदरपुढं रस्ता मोकळा होता आणि सगळं पॅनल बघत होतं. त्यानं कासरा ताणला. पण राजा हलला नाही. त्यानं मान वळवून सर्ज्याच्या मानेवर टेकवली आणि तो तसाच उभा राहिला. जालिंदरनं कासरा सैल सोडला. मग दोघं चालू लागले. पहिलं पाऊल कुणाचं ते मी जवळून पाहत होतो, तरी मला सांगता येणार नाही.

माझी भूमिका बदललेली नाही, हे इथं लिहून ठेवतो. गावच्या रखडलेल्या पाण्याच्या टाकीचा जाब मी दोन्ही पॅनलला विचारणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी हॉटेलात दोन चहा सांगितले. बिनसाखरेच्या कपावर त्यांनी बशी झाकली आणि रस्त्याकडं बघत बसले.

"काय म्हणते अमेरिका?" मी विचारलं. त्यांनी कपावरची बशी नीट केली.

बऱ्याच वेळानं मारुतीच्या पुढून, गुडघा धरत, अप्पा आले. रिकाम्या बाकड्यावर बसले. बशी काढून त्यांनी एक घोट घेतला.

"गार हाय बे."

"इलेक्शनपासून गारच व्हतुया."

अप्पांनी मान वर केली नाही. कपात बघत म्हणाले, "साखर न्हाई ना घातली?"

"घातली असती तर ह्यो लिंब कवाच गोड झाला असता."

अप्पांनी गार चहा शेवटपर्यंत प्याला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुजा जालिंदर टाकीचं काम कवा करणार?"

"तुज्या पॅनलनं रस्ता केल्यावर."

"रस्ता केला व्हता आमी."

"कुठं, नकाशात?"

दोघं भांडू लागले. इतके दिवस साठलेलं सगळं आलं त्यात, आवाज चढले, हॉटेलवाला हसत बघत राहिला. मला मध्ये तोंड घालायला जागा मिळाली तेव्हा मी विचारलं, "तात्या, मग अमेरिकेचं काय?"

"तिकडं बी कुणीतर रोज दोन च्या सांगाय पायजेत," तात्या म्हणाले, आणि हॉटेलवाल्याला हाक मारून अप्पांसाठी एक गरम सांगितला, बिनसाखरेचा.

त्या दिवशी लिंबाला काही मिळालं नाही.