गाडीनं दिलेला डावा कौल

"एकेक नट माझ्या हातानं आवळलाय! कारखान्यातल्या गाडीलाही हिची सर यायची नाही!" हे वाक्य शैलेशनं इतक्यांदा ऐकवलं होतं, की बाहेर बांधलेल्या म्हशींनाही पाठ झालं असावं. बिचाऱ्या बाहेर, कारण आत गोठ्यात शैलेशची स्पोर्ट्स कार! हिंजवडीत दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या या लातूरच्या पठ्ठ्यानं सुट्टे भाग मागवून, भुकूममध्ये घरमालकाच्या गोठ्यात ती जोडली. लालभडक, दोन सीटची, जमिनीपासून जेमतेम वीतभर.

घरमालक म्हणजे अण्णासाहेब. त्यांच्या मुलीशी, किमयाशी, शैलेशला लग्न करायचं होतं. किमया कधीच हो म्हणाली होती, पत्रिकाही जुळली होती. घोडं अडलं होतं अण्णासाहेबांपाशी.

"मुळशीला वाघजाईला कौल लावायचा," ते म्हणाले. "देवीनं उजवं फूल दिलं तर व्हय. डावं दिलं तर न्हाई."

"मग माझ्याच गाडीतून जाऊ, अण्णा!"

हे ऐकून किमयानं कपाळावर हात मारून घेतला.

थंडीतली सकाळ. पौड मागे पडलं, तसं धरणाच्या पाण्यावरचं धुकं रस्त्यावर चढलं. झाडं दिसेनात, माणूस दिसेना. आणि पहिल्याच खड्ड्यात गाडीखालून आवाज आला. हंऽऽऽ! कुणी बाई कण्हावी तसा.

"कोन हाय?" अण्णासाहेब दचकले.

"कुणी नाही, अण्णा. नवी गाडी आहे, अंग मोकळं करतेय."

पुढच्या खड्ड्यात बाई पुन्हा कण्हली. मग हुंदका. मग लांबलचक रडं, अगदी अण्णासाहेबांच्या सीटखालून! त्यांनी दोन्ही पाय वर घेतले. शैलेशला घाम फुटला. चाकाचे दांडे सांगाड्याला जोडतात तिथे रबरी बुश असतात. ते त्यानं कोरडेच ठोकले होते, ग्रीस लावायचं राहूनच गेलं होतं. पण सांगतो कोण!

धुक्यातून देवराई समोर आली. काळी, मुकी. पान हलत नव्हतं, तरी आत कुठेतरी घंटा वाजली. शैलेशनं घाबरून करकचून ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे पिळलं, पण ऐकेल तर शपथ! रस्ता सोडून, कण्हत कण्हत ती राईत शिरली आणि वाघजाईच्या पायरीशी जाऊन बंद पडली.

देवळात चिटपाखरू नव्हतं. घंटा मात्र अजून हलत होती.

अण्णासाहेबांनी चपला काढून हात जोडले. "फूल लावायचीबी वाट न्हाई बघितली आईनं. डावीकडं वढलं! डावा कौल. संपलं, शैलेशराव."

शैलेशनं ओळखलं, किमया गेली! गप्प राहावं तर देवी नको म्हणते, तोंड उघडावं तर अब्रू जाते. त्यानं गाडीखाली डोकं घातलं. डाव्या चाकाचा बुश फाटून लोंबत होता. त्याला धरणारी पट्टी पापडासारखी वाकली होती.

"अण्णा, हा कौल नाही! बुश फाटलाय. ब्रेक दाबला की डावं चाक मागे सरकतं, गाडी डावीकडे जाते. ही पट्टी मुळातच कमजोर. मला दिसत होतं, तरी बसवली. ग्रीससुद्धा लावलं नाही!"

"म्हंजी देवीचं ह्यात काय न्हाई?"

"काही नाही!"

"समदं तुजंच?"

"शंभर टक्के माझंच!" शैलेश छाती काढून म्हणाला. स्वतःची चूक इतक्या आनंदानं आजवर कुणी सांगितली नसेल!

 अण्णासाहेब खाली बसले, त्यांनी वाकलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"आरं पोरा, देवीचा डावा असता तर खण-नारळ वाहून म्या परत कौल लावला असता. किमयाचा जीव हाय तुज्यावर, कळतंय मला. आई ऐकती कवातरी. पर तुज्या ह्या हातांसाठी कुनाफुडं नारळ फोडू?"

तेवढ्यात रस्त्यावर धुक्यातून पौडकडे जाणारा दुधाचा टेम्पो आला. अण्णासाहेबांनी हात केला. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघांना पुरेल एवढी जागा होती. अण्णासाहेब चढले आणि त्यांनी दार लावून घेतलं.